विनोदबिहारी मुखर्जी : कलाभवनातील पहिले धडे

चित्रकलेच्या शाळेत प्रवेश मागणाऱ्या मुलाजवळ सर्वप्रथम काय असावयास हवे, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर चांगले डोळे असेच येईल. विनोदबिहारी मुखर्जी १९१९ मध्ये शांतिनिकेतनातील नव्याने निघालेल्या कलाभवनात दाखल झाले, तेव्हा त्यांचा एक डोळा निकामी होता आणि दुसऱ्या डोळ्याची दृष्टी अत्यंत अधू होती. पुढे पन्नाशी ओलांडल्यावर तीही गेली. तरीही आधुनिक भारतीय भित्तिचित्रकलेतील काही श्रेष्ठ कृती ह्याच विद्यार्थ्याच्या हातून निर्माण झाल्या, आणि संपूर्ण अंधत्व आल्यानंतरही त्यांचे काम थांबले नाही. ह्या चरित्राकडे एखाद्या अपंगाने नियतीवर मिळविलेल्या विजयाची कहाणी म्हणून पाहण्याचा मोह सहज होतो. प्रस्तुत लेखकास तो मोह टाळावासा वाटतो. विद्यार्थिदशेतील पहिल्या काही वर्षांत विनोदबिहारींना नेमके काय शिकविले गेले, आणि त्यांतले काय शेवटपर्यंत टिकले, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

विनोदबिहारींचा जन्म ७ फेब्रुवारी १९०४ रोजी कलकत्त्याजवळील बेहाला येथे झाला. घर सुशिक्षित होते, वाचनाची आवड असलेले होते. थोरले बंधू वनबिहारी हे पेशाने डॉक्टर. पण उपहासपर लेखन आणि व्यंगचित्रे ह्यांमुळेही ते बंगालीत परिचित आहेत. बनफूल ह्यांच्या ‘अग्नीश्वर’ ह्या कादंबरीतील करारी डॉक्टर त्यांच्यावरूनच घेतला आहे, हे बंगाली साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक असेलच. अशा घरातल्या धाकट्या मुलाचे शिक्षण मात्र सुरळीत होऊ शकले नाही. डोळ्यांवर ताण पडल्यास आहे तीही दृष्टी जाईल, असा वैद्यकीय इशारा होता. त्यामुळे शाळा धरावी आणि सोडावी, असे चालले. बरोबरीची मुले मैदानावर असताना हा मुलगा घरात बसून असे. त्याचा एकांताशी जो परिचय झाला, तो येथूनच.

१९१७ मध्ये तो शांतिनिकेतनातील रवींद्रनाथांच्या ब्रह्मचर्याश्रमात आला. ज्या शाळेत वर्ग झाडाखाली भरत आणि पुस्तकाला दुय्यम स्थान होते, तेथे अधू दृष्टीच्या मुलाला प्रथमच मोकळा श्वास घेता आला असावा. दोन वर्षांनी कलाभवन सुरू झाले, तेव्हा पहिल्या तुकडीत जाण्याची इच्छा त्याने व्यक्त केली. त्रिपुरेचे धीरेंद्रकृष्ण देववर्मा, हिराचंद दुगड ही त्या आरंभीच्या तुकडीतली आणखी नावे.

येथे एक प्रसंग घडला. तो विनोदबिहारींनी स्वतःच पुढे लिहून ठेवला आहे. नंदलाल बसूंना ह्या मुलाविषयी शंका होती. ज्याला समोरचे नीट दिसत नाही, त्याला चित्रकला शिकवून त्याच्या आयुष्याचे काय करावयाचे, ही ती शंका. तिच्यात निष्ठुरपणा नव्हता. उलट जबाबदार शिक्षकाच्या मनात अशी शंका न येणे हेच नवल ठरले असते. नंदलालांनी ती रवींद्रनाथांपुढे मांडली. रवींद्रनाथांनी मुलाच्या दृष्टीविषयी चौकशी केली नाही. तो नेमाने आपल्या जागी बसतो काय, मन लावून काम करतो काय, एवढेच त्यांनी विचारले; आणि तसे असेल तर त्याच्या भवितव्याची चिंता करू नये, ज्याला त्याला आपली वाट शोधू द्यावी, असे सांगून त्यांनी तो विषय संपविला. एका मुलाच्या प्रवेशाचा हा निर्णय होता. पण कलाशिक्षणाची एक संपूर्ण भूमिका त्यात आली आहे, असे म्हणावे लागते.

ह्या भूमिकेचे वेगळेपण कळण्यासाठी त्या काळच्या सरकारी कलाशाळांचा प्राथमिक अभ्यासक्रम आठवावा. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई कलाविद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले. तेथे काय, कलकत्ता किंवा मद्रास येथे काय, नवागताचा प्रवास ठरलेला असे : छापील नमुन्यांवरून मुक्तहस्त रेखन, भूमिती, यथादर्शन, मग प्लास्टरच्या ग्रीक-रोमन पुतळ्यांवरून छायाप्रकाश, आणि सर्वांत शेवटी जिवंत माणूस. ही पद्धत टाकाऊ होती, असे नव्हे. १८९० मध्ये मुंबईच्या विद्यालयात आलेले म. वि. धुरंधर तिच्यातूनच घडले, आणि त्यांचे ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ हे आत्मकथन मराठी वाचकांना त्या जगाचे दर्शन आजही घडविते. परंतु त्या शिडीची पहिली पायरी होती अचूक डोळा. समोरची वस्तू आणि कागदावरची प्रतिमा ह्यांची दर क्षणी तुलना करता येणे, हे तेथे गृहीतच होते. विनोदबिहारी त्या पहिल्याच पायरीवर अडखळले असते. धुरंधर आणि विनोदबिहारी ह्यांची आत्मकथने शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, असे आमच्या विद्यार्थ्यांना सुचवावेसे वाटते; भारतीय भाषांतील कलावंतांच्या आत्मचरित्रांचा तुलनात्मक अभ्यास अजून व्हावयाचा आहे.

कलाभवनात आरंभी असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर शिकवीत. नंदलाल १९१९ मध्ये आले, मध्यंतरी कलकत्त्यास परतले आणि नंतर कायमचे शांतिनिकेतनवासी झाले. तेथे पदविकेची घाई नव्हती. कडक अभ्यासक्रमही नव्हता. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच छपराखाली आपापले काम करीत. कोणी काय करीत आहे, हे उठून पाहावे आणि पुन्हा आपल्या आसनावर येऊन बसावे. नंदलालांचा भर निसर्गाच्या अभ्यासावर होता. पण हा अभ्यास म्हणजे नक्कल नव्हे. झाडाचे खोड कसे वर चढते, फांदी कोठे आणि कोणत्या लयीने वळते, बैल ओझे ओढताना त्याच्या पाठीची रेषा कशी बदलते, हे न्याहाळावे, मनात साठवावे आणि मग चित्र काढावे. न्याहाळणे आणि रेखणे ह्यांच्यामध्ये स्मृतीला जागा ठेवलेली होती. ही जागा विनोदबिहारींना उपयोगी पडली. ज्याला दूरचे धूसर दिसते, त्याला वस्तूचे तपशील नव्हे तर तिची ठेवण आणि लय आधी कळते. जवळ जाऊन, हाताच्या अंतरावरून जे दिसे ते आणि दुरून जे जाणवे ते, अशी दोन टिपणे मनात जुळवून त्यांना वस्तू घडवावी लागे. डोळस विद्यार्थ्याला जी शिस्त शिक्षकाने लावावी लागते, ती त्यांच्या डोळ्यानेच त्यांना लावली होती.

विषयाच्या निवडीतही त्यांची वाट निराळी होती. अवनींद्रनाथांच्या परंपरेतून आलेल्या तरुण चित्रकारांना पुराणे, इतिहास आणि काव्य ह्यांतील प्रसंगांचे मोठे आकर्षण होते, आणि खुद्द नंदलालांची कीर्तीही पौराणिक चित्रांवर उभी होती. विनोदबिहारींनी मात्र बीरभूमचा आसमंत निवडला : तांबड्या मातीच्या घळी, ज्यांना तेथे खोआई म्हणतात, तुरळक ताडवृक्ष, संथाळांच्या वस्त्या, कोपाई नदी, उन्हाने भाजलेला माळ. पुढे त्यांनी लिहिले आहे, की त्या उजाड विस्तारात उभा असलेला एकाकी ताड हेच आपल्या स्वभावाचे प्रतीक मानावे. शब्दांत सांगता येईल अशी कथा ह्या चित्रांत सहसा नसते. साहित्याच्या अभ्यासकाला त्यामुळे थोडे अवघडल्यासारखे होते, हे मान्य केले पाहिजे. आपण चित्रातही आधी गोष्ट शोधतो.

ह्या वर्षांत कलाभवनाची दारे बाहेरच्या जगाकडेही उघडली होती. स्टेला क्रामरिश ह्यांनी येथे युरोपीय कलेवर व्याख्याने दिली आणि गॉथिक मंदिरांपासून दादावादापर्यंतचा पट विद्यार्थ्यांसमोर मांडला. आंद्रे कार्पेलेस ह्या फ्रेंच चित्रकर्तीने तैलरंग आणि लाकडी ठशांची चित्रे ह्यांची ओळख करून दिली. १९२१ मध्ये नंदलाल, असितकुमार आणि सुरेंद्रनाथ ग्वाल्हेर संस्थानातील बाघ लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यास गेले, आणि त्यानंतर आश्रमाच्या भिंती रंगू लागल्या. देशाच्या निरनिराळ्या भागांतून विद्यार्थी येत होते. विनायक मासोजी हे मराठी चित्रकारही कलाभवनातच शिकले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. विनोदबिहारींचा ओढा चीन आणि जपान येथील चित्रांकडे, विशेषतः लांब गुंडाळीचित्रांकडे होता. अलीकडे प्रकाशात आलेली, १९२४ च्या सुमाराची त्यांची शांतिनिकेतनाच्या दृश्यांची एक गुंडाळी सुमारे ४४ फूट लांब आहे. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एवढ्या लांबीचे काम का हाती घ्यावे? गुंडाळीचित्र एका दृष्टिक्षेपात पाहता येत नाही. ते हातभर उलगडावे, पाहावे, गुंडाळावे आणि पुढे जावे. मागचे दृश्य केवळ आठवणीत राहते. चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही गुंडाळी जवळच्या दृष्टीच्या माणसासारखी पाहावी लागते. विनोदबिहारींना आपल्या पाहण्याला अनुरूप असा चित्रप्रकार सापडला होता, असा तर्क करण्यास येथे जागा आहे.

१९२५ मध्ये ते कलाभवनातच शिक्षक झाले. ग्रंथालयाची व्यवस्थाही त्यांनी पाहिली. डोळे जपावेत असे ज्याला लहानपणी बजावले होते, तो माणूस आयुष्यभर वाचत राहिला. १९३७-३८ मध्ये ते जपानला जाऊन आले. त्यानंतरच्या दशकातील तीन भित्तिचित्रे हे त्यांच्या कर्तृत्वाचे शिखर होय. १९४० मध्ये त्यांनी कलाभवनाच्या वसतिगृहाचे छत रंगविले : मध्यभागी तळे, आणि त्याच्या सभोवार खेड्याचे जीवन. १९४२ मध्ये चीनभवनात आश्रमाचे दैनंदिन जीवन चितारले. आणि १९४६-४७ मध्ये हिंदीभवनाच्या तीन भिंतींवर मध्ययुगीन संतांचे जीवन उभे केले.

ह्या तिसऱ्या चित्रापाशी साहित्याच्या अभ्यासकाने अवश्य थांबावे. क्षितिमोहन सेन ह्यांनी संतवाणीचे संशोधन शांतिनिकेतनातच केले. हजारीप्रसाद द्विवेदी हिंदीभवनात होते आणि त्यांचा कबीरावरील ग्रंथ १९४२ मध्येच प्रसिद्ध झाला होता. त्या वातावरणात एका चित्रकाराने कबीर, सूरदास, तुलसीदास ह्यांना एकाच प्रवाहात आणले. तेजोवलयांकित संत आणि त्यांच्या पायाशी भक्त, अशी ही मांडणी नाही. नदी, घाट, वस्त्या, वाटसरू आणि कष्टकरी ह्यांच्या दाटीतून संत हळूहळू वेगळे दिसू लागतात आणि पुन्हा त्या दाटीत मिसळून जातात. ओल्या गिलाव्यावर रंग लावावयाचा, तो वाळण्यापूर्वी त्या दिवसाचा भाग पुरा करावयाचा, आणि चूक झाल्यास गिलावा खरवडून काढावयाचा, असे हे तंत्र. पूर्ण आकाराचा आराखडा भिंतीवर न उमटविता विनोदबिहारींनी ते हाताळले. पत्नी लीला आणि विद्यार्थी सुब्रह्मण्यन हे त्या वेळी मदतीस होते. भिंतीपासून दूर सरून सबंध चित्र नजरेत घेणे ह्या चित्रकाराला शक्य नव्हते. रोजचा तुकडा जवळून रंगवावा आणि बाकीची भिंत मनात धरावी : विद्यार्थिदशेतील गुंडाळी येथे भिंतीवर उलगडली आहे. त्या दाटीतले सूरदास परंपरेने अंध मानले गेले आहेत, हे रंगविताना त्यांच्या मनात काय आले असेल, ह्याचा तर्क न करणेच बरे.

मधली वर्षे भराभर सांगता येतील. १९४९ मध्ये त्यांनी शांतिनिकेतन सोडले. काठमांडूचे संग्रहालय, राजस्थानातील वनस्थळी विद्यापीठ, मसुरी आणि पाटणा असा प्रवास झाला. पुढे दिल्लीत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अयशस्वी होऊन उरलेली दृष्टी गेली.

१९५८ मध्ये ते कलाभवनात परतले आणि कलेचा इतिहास शिकवू लागले. आता त्यांच्यासमोर पहिल्या वर्षाचे विद्यार्थी बसत, आणि जी चित्रे शिक्षकाला दिसत नव्हती ती चित्रे तो केवळ आठवणीतून उलगडून दाखवी. हातही स्वस्थ नव्हते. मेणाच्या लहान मूर्ती, जाड लेखणीची रेखाटने आणि रंगीत कागद कापून केलेली चित्रे अशी नवी कामे सुरू झाली. कागदाची घडी बोटांना कळते, कापलेली कड चाचपता येते. रंग कोणता, एवढे मात्र कोणी तरी सांगावे लागे. ह्या कागदी चित्रांत पूर्वीचा एकांत फारसा नाही. उलट त्यांत एक खेळकरपणा आहे. दृष्टी गेल्यावर हे कोठून आले, ह्याचे समाधानकारक उत्तर समीक्षकांपाशी नाही.

१९४० ते १९४२ ह्या काळात कलाभवनात विद्यार्थी असलेल्या सत्यजित राय ह्यांनी १९७२ मध्ये आपल्या गुरूवर ‘द इनर आय’ हा लघुपट केला. त्याच वर्षी कलाभवनाच्या आवारातील एका भिंतीवर विनोदबिहारींनी चिनीमातीच्या फरश्यांचे मोठे चित्र उभारले. आकृत्या त्यांच्या, बसविणारे हात विद्यार्थ्यांचे. आणि रेषा कोठे चुकली तर ती हात फिरवून ओळखणारे चित्रकार स्वतः. १९७४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. ‘चित्रकर’ हे आत्मकथन त्यांनी ह्याच अंधत्वाच्या काळात सिद्ध केले, ते १९७९ मध्ये ग्रंथरूपाने आले. त्याचे गद्य आटोपशीर आहे. विशेषणे मोजकी आहेत आणि स्वतःविषयीची करुणा जवळजवळ नाही. प्रवेशाच्या वेळचा नंदलाल-रवींद्रनाथांचा तो प्रसंगही त्यात कोणतीही टिप्पणी न करता येतो आणि निघून जातो. ११ नोव्हेंबर १९८० रोजी विनोदबिहारींचे निधन झाले.