पराभवाची भीती आणि न्याय

आरोपी सुटण्याचा संभव असेल, तर सरकारी वकिलाने खटला भरावा काय? पश्चिम जर्मनीतील फ्रिट्झ बाऊर यांच्या आयुष्यात हा प्रश्न वारंवार उभा राहिला.

बाऊर यांचा जन्म १९०३ साली स्टुटगार्टमधील एका ज्यू कुटुंबात झाला. ऐन तारुण्यातच ते न्यायाधीश झाले. परंतु १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच त्यांची रवानगी छळछावणीत झाली आणि पदही गेले. डेन्मार्क व स्वीडनमधील विजनवास संपवून १९४९ साली ते मायदेशी परतले आणि पुढल्याच वर्षी ब्राउनश्वाइग येथे मुख्य सरकारी वकील झाले.

तेथे एक बिकट प्रकरण त्यांच्यापुढे आले. २० जुलै १९४४ रोजी हिटलरच्या वधाचा प्रयत्न करणारे देशद्रोही होते, असे ओटो रेमर या माजी सेनाधिकाऱ्याने १९५१ मध्ये जाहीर सभेत म्हटले होते. बदनामीचा हा खटला टिकणार नाही, असे कनिष्ठ सरकारी वकिलाचे मत पडले. बाऊर यांनी ते बाजूस सारले व ते स्वतः न्यायालयात उभे राहिले. मानवी हक्क पायदळी तुडविणाऱ्या राज्याशी द्रोह संभवतच नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मार्च १९५२ मध्ये रेमरला अवघी तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि तीही न भोगता तो परदेशी पळाला. तथापि, कटवाल्यांवरील देशद्रोहाचा कलंक न्यायालयाने पुसून टाकला होता.

पुढे फ्रँकफुर्ट येथे १९६३ ते १९६५ या काळात आउशवित्झ छावणीतील अधिकाऱ्यांवरील खटला बाऊर यांच्याच पुढाकाराने चालला. संहाराच्या यंत्रणेत जाणूनबुजून राबणारा प्रत्येक जण हत्येचा भागीदार ठरतो, ही त्यांची भूमिका न्यायालयाने मानली नाही. प्रत्येकाचे वैयक्तिक कृत्य सिद्ध करण्याचा आग्रह धरला. वीस आरोपींपैकी तिघे सुटले. मात्र दोनशेहून अधिक बचावलेल्या कैद्यांच्या साक्षी कायमच्या नोंदल्या गेल्या. बाऊर १९६८ साली निवर्तले. छावणीत लुटलेल्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या एका कारकुनाचे अपील फेटाळताना जर्मनीच्या संघीय न्यायालयाने २०१६ मध्ये जी दृष्टी स्वीकारली, ती बाऊर यांच्या भूमिकेच्या पुष्कळच जवळची होती.

अर्थात, यावरून वाटेल तो खटला भरण्याची मुभा कोणासही मिळत नाही. निर्दोष सुटलेल्या माणसाचीही वर्षे, पैसा आणि अब्रू खटल्यात खर्ची पडते. म्हणून आरोपीच्या अपराधाविषयी ज्या सरकारी वकिलाचे स्वतःचेच समाधान झालेले नाही, त्याने खटला भरणे हा अन्यायच होय. परंतु पुरावा प्रामाणिक असून केवळ कायद्याचा अर्थ अनिश्चित असेल, किंवा काळाची हवा प्रतिकूल असेल, तर माघार घेणे हे कर्तव्य टाळणे ठरते. अशा वेळी पराभवाने फार तर वकिलाचा लौकिक उणावतो. खटलाच भरला नाही, तर पीडितांचे गाऱ्हाणे न्यायाधीशाच्या कानापर्यंतही पोचत नाही.