राल्फ बंच
राल्फ जॉन्सन बंच (१९०४ – ९ डिसेंबर १९७१) हे अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ व संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी जेरुसलेममध्ये मध्यस्थ फोल्के बर्नाडोट यांची हत्या झाल्यावर ती जबाबदारी त्यांच्याकडे आली. जानेवारी १९४९मध्ये रोड्स बेटावर इजिप्त व इस्रायल यांच्या वाटाघाटी सुरू झाल्या. मूळ वादाला हात घालण्याआधी बंच यांनी कार्यक्रमपत्रिकेसारख्या किरकोळ बाबींवर उभयपक्षी संमती मिळवली. शत्रूंना सहमतीची सवय लागावी, हा त्यामागील हेतू होता. २४ फेब्रुवारीस शस्त्रसंधी झाली. जुलैपर्यंत लेबनॉन, जॉर्डन व सीरिया यांनीही इस्रायलशी असेच करार केले. तो अर्थात शांतता-तह नव्हता. निर्वासितांचा प्रश्न तसाच राहिला. १९५०चे नोबेल शांतता पारितोषिक नाकारण्याचा त्यांचा विचार होता; सरचिटणीस ट्रिग्वे ली यांच्या आग्रहामुळे त्यांनी ते स्वीकारले.