अंगणात आलेली शाळा

मूल अंगणवाडीत सोडताना फी किती, असं आपण विचारत नाही. खर्च सरकार करतं, हे अंगवळणी पडलंय. पण ही वाट ज्यांनी घातली, त्या ताराबाई मोडक आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक आहेत?

केळकरांच्या घरात १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये बी. ए. झाल्या. पुढे संसार टिकला नाही. लहानग्या लेकीची जबाबदारी घेऊन त्यांनी राजकोटच्या मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपद स्वीकारलं. मूल सांभाळून नोकरी कशी करतात, ते त्यांनी स्वतः भोगलं होतं. नंतर भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्या बालशिक्षणात रमल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं.

पण माँटेसरीची साधनं महाग. सुखवस्तू घरांना ती परवडतील, मोलमजुरी करणाऱ्या आईने काय करायचं? तिचं तान्हं तर थोरल्या मुलीच्या कडेवर. म्हणजे त्या मुलीची शाळाही बुडाली!

हा गुंता सोडवायला ताराबाई १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. गरिबांची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया आणि पानं घेतली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेलं. सोबतीला अनुताई वाघ होत्याच. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. धाकट्याला पाळण्यात ठेवून ताई निर्धास्त वर्गात बसे. केवढी साधी युक्ती, पण घराला एका पैशाचा भार नाही!

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

तरी काम अर्धंच झालंय. अंगणवाडी चालते काही तास, आईची पाळी आठ तासांची. २०१७ च्या कायदेदुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं, पण चार घरची धुणीभांडी करणारीला त्याचा काय उपयोग? मूल सांभाळणं हा एकट्या आईचा खर्च नाही, हे ताराबाईंनी करून दाखवलं. आपल्या गावात पूर्ण दिवसाचं पाळणाघर मागताना आपण तरी का लाजावं?