मार्क ट्वेन आणि सिगारची पारख

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील वॉटसन हॉटेलात १८९६ च्या जानेवारीत एक साठीचे अमेरिकन गृहस्थ उतरले होते. खोकल्याने बेजार झाल्यामुळे पहिले काही दिवस त्यांना खोलीतच काढावे लागले. सॅम्युअल लँगहॉर्न क्लेमेन्स हे त्यांचे नाव. जग मात्र त्यांना मार्क ट्वेन म्हणून ओळखत होते. प्रकाशनसंस्था बुडाल्याने १८९४ मध्ये दिवाळखोरी ओढवली होती. डोक्यावरील कर्ज फेडण्यासाठी ते व्याख्याने देत जगभर फिरत होते. मुंबई व पुण्यातील कार्यक्रम आटोपून ते रात्रीच्या गाडीने बडोद्यास गेले. आजच्या पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीतून जाणाऱ्या त्या वाटेवर जव्हार-मोखाड्याचे डोंगर पूर्वेकडे अंधारात राहिले. या साऱ्या भ्रमंतीत त्यांची एक सोबत कायम होती, ती सिगारची.

ट्वेन यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८३५ रोजी मिसुरी राज्यात झाला. मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल गावी त्यांचे बालपण गेले. १८४७ मध्ये वडील वारले, तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. चोरून लागलेली तंबाखूची सवय त्यानंतर उघड झाली, असे त्यांनीच पुढे सांगितले. छापखान्यातील उमेदवारी, आगबोटीवरील सुकाणू, नेवाडातील पत्रकारिता असा प्रवास करीत ते लेखक झाले. १८७० मध्ये ऑलिव्हिया लँग्डन यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी धूम्रपान जवळजवळ सोडले. परंतु पुस्तक लिहिताना लेखणी अडली आणि सिगार परत आला. सिगारशिवाय आपल्याला लिहिता येत नाही, ही समजूत तेव्हापासून पक्की झाली.

नवखा माणूस दुकानात शिरला की आधी किंमत पाहतो, मग वेष्टनावरील सोनेरी कागदी पट्टी पाहतो. या भाबडेपणावर ट्वेन यांनी एक मार्मिक निबंध लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ते स्वतः स्वस्त सिगार ओढत आणि मित्रमंडळी त्यांना नाके मुरडत. एकदा त्यांनी एका धनिक स्नेह्याचे उंची सिगार मिळवले, त्यांवरील पट्ट्या काढल्या आणि ते आपल्या बदनाम डब्यात भरून पाहुण्यांपुढे ठेवले. पाहुण्यांनी भीड म्हणून ते पेटवले, कसेबसे दोन-चार झुरके घेतले आणि निमित्ते काढून काढता पाय घेतला. ते सिगार दारापासून फाटकापर्यंतच्या वाटेवर टाकलेले आढळले. ज्याचे सिगार होते, त्या धनिकालाही आपला माल ओळखता आला नाही. पारख म्हणजे बहुतांशी नावाचा दबदबा, हा त्या निबंधाचा निष्कर्ष.

याच वस्तूची दुसरी बाजूही त्यांनी जवळून पाहिली होती. अमेरिकी यादवी युद्धात १८६२ मध्ये फोर्ट डोनेल्सन जिंकल्यावर जनरल युलिसिस ग्रँट यांना लोकांनी हजारो सिगार भेट पाठवले आणि त्यांची सवय अतोनात वाढली. पुढे राष्ट्राध्यक्षपद भूषवलेल्या ग्रँट यांना घशाचा कर्करोग झाला. आर्थिकदृष्ट्या खचलेल्या त्या माणसाने मरणाशी झुंजत आत्मचरित्र पुरे केले आणि २३ जुलै १८८५ रोजी प्राण सोडला. ते पुस्तक ट्वेन यांच्या संस्थेने प्रकाशित केले व ग्रँट यांच्या पत्नीला त्यातून मोठी रक्कम मिळाली. मित्राचे हाल पाहूनही ट्वेन यांचा सिगार सुटला नाही.

जगाच्या फेरीतून परतताना, १८९६ च्या ऑगस्टमध्ये, थोरली कन्या सूझी गेली. १८९८ पर्यंत त्यांनी सर्व कर्ज फेडले. १९०४ मध्ये पत्नी आणि १९०९ च्या डिसेंबरात कन्या जीन यांचा वियोग झाला. हृदयविकार जडल्यावर डॉक्टरांनी सिगार कमी करावयास लावले, पण तोवर उशीर झाला होता. २१ एप्रिल १९१० रोजी त्यांचे निधन झाले.

सिगारचा धूर छातीत न घेताही तोंडाचा व घशाचा कर्करोग होऊ शकतो, हे आज वैद्यकशास्त्र सांगते. कोणता सिगार निवडावा, या प्रश्नाची ट्वेन यांनी यथेच्छ थट्टा केली. मात्र सिगार ओढावा की नाही, हा प्रश्न हॅनिबलच्या एका पोरक्या मुलाने अकराव्या वर्षीच सोडवून टाकला होता. एरवी देवधर्मापासून राजसत्तेपर्यंत कशालाही प्रश्न विचारायला न कचरणाऱ्या या लेखकाने तो निर्णय पुन्हा तपासायला घेतला, तेव्हा आयुष्य सरत आले होते.