आजोबांच्या पद्मिनीला सिरॅमिक कोटिंग करावं का? आधी वालचंद हिराचंद समजून घेऊ

मागच्या महिन्यात मी आजोबांची प्रीमियर पद्मिनी घेऊन बारामतीतल्या एका डिटेलिंगच्या दुकानात गेलो होतो. गाडी १९८६ सालची, गडद निळी. दर चार-पाच महिन्यांनी मी तिला घरीच सीलंट लावतो. या वेळी ठरवलं होतं, एकदाच सिरॅमिक कोटिंग करायचं आणि दोन-तीन वर्षं मोकळं व्हायचं. दुकानातल्या मुलाने बॉनेटवर पेंटची जाडी मोजायचं छोटं यंत्र टेकवलं, आकडा बघितला आणि मला म्हणाला की विचार करून या.

आता कोणी विचार करायला सांगितलं की मी मोबाईलवर वाचत बसतो. वाचता वाचता गाडीच्या रंगावरून गाडी बनवणाऱ्या माणसापर्यंत पोचलो. आजोबा आयुष्यभर वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर होते. इंदापूर तालुक्यातलं हे गाव आणि पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी, दोन्ही एकाच माणसाची कामं. हे मला नावापुरतं माहीत होतं. पुढचं नव्हतं.

आधी कोटिंगचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तुमचा नवा फोन आठवा. पहिले काही महिने स्क्रीनवर बोटांचे ठसे पटकन पुसले जातात, कारण काचेवर तेल न धरणारा अतिशय पातळ थर असतो. वर्षभर खिशात घासून तो जातो. गाडीवरचं वॅक्स आणि सीलंट याच जातीचे. सीलंट म्हणजे रंगावर बसलेला कृत्रिम पॉलिमरचा थर. ऊन, शाम्पू आणि धूळ त्याला चार-सहा महिन्यांत संपवतात. सिरॅमिक कोटिंगमध्ये सिलिकाची संयुगं असतात. ती हवेतल्या ओलाव्याशी क्रिया करून रंगाला घट्ट चिकटतात आणि काचेसारखा कडक थर बनतो. नीट केलं तर दोन ते पाच वर्षं टिकतं. पण जाडी फक्त एक-दोन मायक्रॉन! आपला केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो. त्यामुळे कोटिंग म्हणजे टेम्पर ग्लास नाही. उसाच्या ट्रॉलीतून बाहेर आलेलं कांडं दाराला घासलं तर ओरखडा पडणारच. टेम्पर ग्लाससारखं काम करते ती पीपीएफ नावाची जाड पारदर्शक फिल्म, आणि तिचा खर्च वेगळाच.

आपल्या भागात कोटिंगचा मोह का होतो, तेही सांगतो. गळीत हंगामात भवानीनगर, सणसर, जंक्शन या रस्त्याने गाडी नेली की पाचट जाळल्याची काजळी बॉनेटवर बसते. बोअरचं पाणी क्षारांचं. गाडी धुऊन उन्हात सोडली की पांढरे डाग. सीलंट तेवढं झेलत नाही.

आता वालचंद. जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. घर गुजराती दिगंबर जैन, दोशी आडनावाचं. धंदा कापसाचा आणि सावकारीचा. कॉलेजात गेले पण शिक्षण पुरं केलं नाही. घरच्या धंद्यात मन रमेना, तेव्हा रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारीत रेल्वेची कंत्राटं घ्यायला लागले. पुढे बोरघाटातले बोगदे, मुंबईला पाणी आणणारी तानसाची जलवाहिनी अशी मोठी कामं त्यांच्या हातून झाली. १९२६ मध्ये सुरू झालेली त्यांची बांधकाम कंपनीच आजची हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन. कंत्राटदाराचं आयुष्य असं की काम संपलं, बिल मिळालं, चला पुढच्या कामाला. वालचंदना तेवढ्यावर थांबायचं नव्हतं असं त्यांची पुढची कामं बघून वाटतं.

१९१९ मध्ये त्यांनी काही भागीदारांबरोबर ग्वाल्हेरच्या सिंदिया महाराजांकडून एक जुनं जहाज घेतलं, नाव लॉयल्टी. पहिल्या महायुद्धात ते इस्पितळाचं जहाज होतं. ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून लंडनकडे निघालं. याच तारखेला आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. पण ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाडी पाडली, आणि लॉयल्टी चारेक वर्षांतच भंगारात विकावी लागली. कंपनी मात्र टिकली. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनने पुढे कित्येक वर्षं त्याच ब्रिटिश कंपन्यांशी झुंज दिली.

मग जमीन. आधी मालेगावजवळ रावळगाव, जिथल्या गोळ्या आपण लहानपणी खाल्ल्या. मग नीरेकाठी इंदापूर तालुक्यातलं कळंब. नीरा डावा कालवा या भागात १८८५ पासून होता, त्यामुळे पाणी आलेलं होतं. पण ऊस लावायचा, तो गाळायचा, कारखान्याभोवती वसाहत उभी करायची, हे सगळं १९३० च्या दशकात इथे झालं. त्याच वसाहतीचं वालचंदनगर झालं. साखर बनवता बनवता साखर कारखान्यांची यंत्रं बनायला लागली, आणि पुढे याच गावात इस्रोच्या रॉकेटसाठी मोटरची कवचं तयार झाली. आजोबांनी अख्खी नोकरी इथे केली, पण घरी मळीच्या वासाबद्दल जास्त बोलायचे, रॉकेटबद्दल कमी.

गाडीची गोष्ट सगळ्यात लांबलेली. १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेत गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी करार झाला. पण युद्ध सुरू होतं आणि इंग्रज सरकारला इथे गाड्यांचा कारखाना नको होता, त्यामुळे परवानगी अडली. याच प्रवासात विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाशी गाठ पडली. त्यातून म्हैसूर सरकारच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली, म्हणजे आजची एचएएल. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा घेऊन ती ताब्यात घेतली. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला गेला. पुढच्याच वर्षी जपानी विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले. तिथलं पहिलं मोठं जहाज, जलउषा, १९४८ मध्ये पाण्यात उतरलं. लॉयल्टीपासून मोजलं तर एकोणतीस वर्षं!

प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडायला लागल्या. डॉज, प्लिमथ अशी नावं. नंतर फियाटशी करार झाला. वालचंदना १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये त्यांनी कामं सोडली आणि ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमध्ये सिद्धपूरला ते गेले. फियाट ११०० इथे आली ती त्यानंतर, १९५४ मध्ये. तीच पुढे पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. म्हणजे ज्या गाडीमुळे त्यांची कंपनी घराघरात पोचली, ती त्यांनी इथे बनताना बघितलीच नाही. ते साधू नव्हते. स्वदेशीचा आग्रह आणि स्वतःचा फायदा त्यांनी बरोबरच चालवला. पण मला तरी या माणसाचा राग येत नाही.

पुन्हा बॉनेटकडे. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. कोटिंगच्या आधी मशीनने पॉलिश करतात, ते या क्लिअर कोटलाच थोडंसं घासतं. आमच्या पद्मिनीवर क्लिअर कोट नाही, रंगच शेवटचा थर. पांढऱ्या फडक्याने पॉलिश केलं की फडका निळा होतो. यंत्रावर बॉनेटच्या मध्ये ७० मायक्रॉन दिसले, फेंडरच्या कडेला त्याहून कमी. छतावर मात्र ३०० च्या पुढे. तिथे कधीतरी पुटी भरून पुन्हा रंग मारलाय. चाळीस वर्षांचं पुसणं आणि घासणं त्या आकड्यात आहे, आणि त्यात माझाही हात आहे.

अडचण ही की कोटिंग पारदर्शक आणि टिकाऊ. खाली ओरखडे ठेवून लावलं तर ते ओरखडे काही वर्षं तसेच दिसणार. काढायचं तर परत घासावं लागणार. सीलंटची चूक सहा महिन्यांत धुऊन जाते, याची जात नाही. आणि ओरखडे पूर्ण घालवायला मशीन फिरवली तर कडेला खालचा प्रायमर दिसेल. मूळ कारखान्याचा रंग एकदा गेला की गेला.

दुकानातल्या मुलाशी परत बोललो. ठरलं असं: मशीन नाही, हाताने हलकं पॉलिश, मग अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढायचा. कोटिंग वर्षभराच्या गॅरंटीचं, हलकं. पाच वर्षांचं महागडं नको. फेंडरच्या कडा सोडून द्यायच्या, तिथे सीलंटच चालू ठेवायचं. डाव्या दारावरचा उसाच्या ट्रॉलीचा जुना ओरखडा तसाच राहील. बाटलीवरच्या ९एच या आकड्याला भुलू नका, हे त्यानेच सांगितलं. ती पेन्सिलने खरवडून बघायची चाचणी असते, हिऱ्यासारखा कडकपणा नव्हे.

गळीत सुरू व्हायच्या आत काम झालं. थर पक्का होईपर्यंत आठवडाभर गाडी धुवायची नाही, शेडमध्ये ठेवायची. तिसऱ्या दिवशी सकाळी आजोबा ओला फडका घेऊन बॉनेटपाशी उभे होते. मी तो हळूच काढून घेतला आणि त्यांना चहाला आत नेलं.