दापितानची शाळा : डॉ. होसे रिझाल

१८९२ च्या जुलै महिन्यात स्पॅनिश सरकारने एकतीस वर्षांच्या एका डॉक्टरला मनिलाहून हद्दपार केले आणि मिंडानाओ बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील दापितान या आडगावी आणून सोडले. युरोपातील विद्यापीठांत शिकलेला, अनेक भाषा अवगत असलेला आणि दोन कादंबऱ्यांनी राज्यकर्त्यांची झोप उडवणारा हा तरुण तेथे विस्मृतीत जाईल, अशी त्यांची अपेक्षा होती. होसे रिझाल यांनी त्या गावात शाळा काढली.

रिझाल यांचा जन्म १९ जून १८६१ रोजी लगुना प्रांतातील कलांबा येथे झाला. अकरा भावंडांतील ते सातवे. आई तेओदोरा अलोन्सो सुविद्य होत्या. मुलाला अक्षरओळख त्यांनीच करून दिली. कलांबाची जमीन डॉमिनिकन धर्मसंघाच्या मालकीची होती आणि रिझाल कुटुंब ती खंडाने कसत असे. होसे दहा-अकरा वर्षांचे असताना विषप्रयोगाच्या खोट्या आरोपावरून आईला अटक झाली. सान्ता क्रूझच्या तुरुंगापर्यंत सुमारे ५० किलोमीटर त्यांना पायी चालवत नेण्यात आले आणि सुमारे अडीच वर्षे कोठडीत ठेवण्यात आले. त्याच सुमारास, १७ फेब्रुवारी १८७२ रोजी, गोमेझ, बुर्गोस आणि झामोरा या तीन देशी धर्मगुरूंना कटाच्या आरोपावरून मनिलात जाहीर देहदंड देण्यात आला. थोरले बंधू पासियानो हे बुर्गोस यांच्या निकटचे. परक्यांच्या राज्यात आपल्या माणसाच्या अब्रूला आणि प्राणाला काय मोल असते, हे त्या बालमनाने घरातच पाहिले.

मनिलाच्या आतेनेओ विद्यालयात ते पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाले. पुढे वैद्यकाचे शिक्षण त्यांनी मनिलात सुरू केले आणि १८८२ मध्ये स्पेनला जाऊन माद्रिद येथे पूर्ण केले. आईची दृष्टी मंदावत चालली होती, म्हणून त्यांनी नेत्रचिकित्सेचा विशेष अभ्यास पॅरिस व हायडेलबर्ग येथे केला. पुढे हाँगकाँगमध्ये आईच्या डोळ्यावर त्यांनी स्वहस्ते शस्त्रक्रिया केली.

मित्राने उसने दिलेल्या पैशांतून १८८७ मध्ये बर्लिनला त्यांची 'नोली मे तान्खेरे' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. प्रती अवघ्या २०००. मठाधिकाऱ्यांचा जुलूम तिच्यात आहे, तसेच स्वजनांचा भित्रेपणा, खुशामतखोरी आणि परक्यांच्या अनुकरणाचा सोसही आहे. रिझाल यांनी आपल्याच समाजाची नाडी वैद्याच्या निष्ठुर ममतेने तपासली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून त्यांनी मोर्गा यांच्या जुन्या इतिहासग्रंथाची सटीप आवृत्ती सिद्ध केली. स्पॅनिश येण्यापूर्वीही या बेटांना व्यापार, कला आणि चालीरीती होत्या, हे देशबांधवांना दाखवणे हा तिचा हेतू. भाचरांसाठी अँडरसनच्या परीकथा त्यांनी तागालोग या मातृभाषेत उतरवल्या. मालोलॉसच्या तरुणींनी स्पॅनिश शिकण्यासाठी रात्रशाळेची मागणी केली, तेव्हा १८८९ मध्ये त्यांना दीर्घ पत्र लिहून त्यांनी त्यांच्या धैर्याचे कौतुक केले. मुलांची मने घडवणाऱ्या मातेने आधी स्वतः विचार करावयास शिकले पाहिजे, असा त्या पत्राचा आशय होता.

१८९१ च्या 'एल फिलिबुस्तेरिस्मो' या दुसऱ्या कादंबरीचा नायक सूडाने पेटून सत्ता उलथवू पाहतो आणि अपयशी होतो. धनी बदलला तरी मनातील गुलामी उरली, तर कालचा पीडितच उद्याचा जुलमी होईल, ही रिझाल यांची चिंता तेथे स्पष्ट दिसते.

दापितानच्या चार वर्षांत हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणला. लॉटरीत मिळालेल्या रकमेच्या काही भागातून त्यांनी समुद्रकाठी जमीन घेतली, झाडे लावली, रुग्णालय चालवले. शाळेत सुरुवातीला तीन मुले होती, पुढे ती संख्या एकवीसपर्यंत गेली. शुल्क नव्हते, त्याऐवजी मुले शेतात व बांधकामात हातभार लावीत. भाषा, गणित, भूगोल यांबरोबर पोहणे, सुतारकाम, शंखशिंपले व कीटक गोळा करणे हाही अभ्यासच होता. डोंगरातील झऱ्याचे पाणी गुरुशिष्यांनी मिळून गावात आणले.

पण काळ थांबावयास तयार नव्हता. रिझाल यांच्या हद्दपारीच्याच महिन्यात आंद्रेस बोनिफासिओ यांनी 'कातिपुनान' ही गुप्त संघटना उभारली होती. १८९६ मध्ये तिचे दूत पिओ वालेन्सुएला सशस्त्र उठावासाठी संमती मागण्यास दापितानला आले. शस्त्रे नाहीत, तयारी नाही, अशा स्थितीत सामान्यांचे रक्त सांडेल, म्हणून रिझाल यांनी ती दिली नाही. ज्यांच्या पाठीवर रोज कोरडे ओढले जात होते, त्यांना लोकशिक्षण पूर्ण होईपर्यंत थांबा असे सांगणे कितपत न्याय्य होते, हा प्रश्न फिलिपीन्समध्ये आजही विचारला जातो, आणि तो गैरवाजवी नाही.

ऑगस्टमध्ये उठाव झालाच. क्युबात लष्करी डॉक्टर म्हणून सेवा देण्यास निघालेल्या रिझाल यांना वाटेत अटक करून मनिलाला परत आणण्यात आले. तुरुंगातून त्यांनी उठावाचा निषेध करणारे निवेदन लिहिले, पण लोकांचे शिक्षण ही स्वातंत्र्याची पूर्वअट आहे, असेही त्यात नमूद केले. स्वातंत्र्याची इच्छा त्यांनी नाकारलीच नव्हती. सरकारने ते निवेदन प्रसिद्ध होऊ दिले नाही. ज्या उठावास त्यांनी संमती नाकारली, त्याच उठावाचे प्रेरक ठरवून ३० डिसेंबर १८९६ रोजी बागुम्बायानच्या मैदानावर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय पस्तीस. शेवटची कविता त्यांनी एका लहानशा स्टोव्हमध्ये दडवून बहिणीच्या हाती दिली होती.

१२ जून १८९८ रोजी फिलिपीन्सने स्वातंत्र्य घोषित केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पॅरिसच्या तहाने स्पेनने ही बेटे २ कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या स्वाधीन केली. तहाच्या वाटाघाटींत फिलिपिनो प्रतिनिधीला स्थान नव्हते. पुन्हा युद्ध, पुन्हा पारतंत्र्य; अमेरिकेने स्वातंत्र्य दिले ते ४ जुलै १९४६ रोजी, आपल्याच स्वातंत्र्यदिनी. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांनी तो दिवस बदलून १२ जून हा स्वातंत्र्यदिन केला. दुसऱ्याने दिलेल्या तारखेपेक्षा स्वतः उच्चारलेली तारीख त्या राष्ट्राला अधिक आपली वाटली. १९५६ च्या कायद्याने रिझाल यांचे जीवन व लेखन तेथील विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमाचा भाग झाले आहे.

दापितानच्या चौकात रिझाल यांनी आपल्या आतेनेओतील एका गुरूंच्या साहाय्याने माती व हिरवळीचा, मिंडानाओचा उठावाचा नकाशा तयार केला होता. तो आजही तेथे आहे. हद्दपारीतील त्या शिक्षकाने मुलांना सर्वांत आधी त्यांची स्वतःची भूमी डोळे भरून पाहावयास शिकवले.