ब्राह्म्स आणि त्याची गुरुपत्नी

वाचकहो, चावी दिली की मंद सुरांत अंगाई वाजवणारे खेळणे आपल्या बेटावरील पुष्कळ घरांनी पाहिले आहे. त्यातली सर्वांत प्रसिद्ध चाल योहान्स ब्राह्म्स या जर्मन संगीतकाराची. एका मैत्रिणीला मुलगा झाला म्हणून १८६८ साली त्याने ती बांधली. जगभरच्या लेकरांना झोपवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरी मात्र पाळणा कधी हलला नाही. असे का झाले, हे आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

ब्राह्म्सचा जन्म ७ मे १८३३ रोजी हॅम्बुर्ग येथे एका बेताच्या परिस्थितीतील वादकाच्या घरी झाला. त्याची आई वडिलांहून १७ वर्षांनी मोठी होती. ही गोष्ट लक्षात असू द्यावी, कारण वयाने मोठी स्त्री आवडणे त्याला आपल्याइतके विचित्र वाटले नसावे.

१८५३ च्या सप्टेंबरअखेर हा वीस वर्षांचा पोरगा ड्युसेलडॉर्फला थोर संगीतकार रोबर्ट शूमान यांच्या दारी गेला. दुसऱ्या दिवशी तो पियानोवर स्वतःची रचना वाजवू लागला, तोच शूमान यांनी त्याला थांबवले आणि पत्नीला ऐकायला बोलावून आणले. ही पत्नी म्हणजे क्लाराबाई. लहानपणापासून युरोपभर गाजलेल्या पियानोवादक. वडिलांचा विरोध मोडण्यासाठी कोर्टाची पायरी चढून त्यांनी १८४० मध्ये शूमान यांच्याशी लग्न केले होते. आता घरात सहा मुले होती व लवकरच आणखी एक होणार होते. शूमान यांनी लगेच लेख लिहून या अनोळखी मुलाचे नाव देशभर केले. असा गुरू मिळायला भाग्य लागते.

पाच महिन्यांतच त्या घरावर आकाश कोसळले. २७ फेब्रुवारी १८५४ रोजी, गावात कार्निव्हलचा गोंधळ चालू असताना, मनोविकाराने ग्रासलेल्या शूमान यांनी ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्यांना वाचवण्यात आले, पण काही दिवसांनी बॉनजवळ एन्डेनिखच्या रुग्णालयात ठेवावे लागले. डॉक्टरांनी दोन वर्षांहून अधिक काळ क्लाराबाईंना पतीची भेट घेऊ दिली नाही. बातमी कळताच ब्राह्म्स धावत आला आणि राहिला.

संसार चालवायचा म्हणून क्लाराबाई गावोगाव कार्यक्रम करीत फिरत. ब्राह्म्स मागे राहून मुलांना सांभाळी आणि घरखर्चाची वही लिही. कीर्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तरुणाने दुसऱ्याच्या घरातील जमाखर्च मांडत बसावे, यातच सारे आले. जर्मन भाषेतही आपल्यासारखेच 'तुम्ही' आणि 'तू' वेगळे असतात. त्यांच्या पत्रांत या काळात 'तुम्ही'चे 'तू' झाले. वय त्याचे एकवीस-बावीस, बाई १४ वर्षांनी मोठ्या.

आपल्याकडे गुरुपत्नीला आईची जागा दिली आहे. ब्राह्म्सची अडचण याहून बिकट होती. क्लाराबाईंना मनाई, पण त्याला रुग्णालयात जाता येई. म्हणजे जिच्यावर जीव जडला, तिच्याच पतीजवळ बसून, त्याच्या प्रकृतीची बातमी तिला आणून द्यायची! त्याच्या मनाची किती ओढाताण झाली असेल, हे वाचकांनीच ठरवावे.

२९ जुलै १८५६ रोजी शूमान वारले. आता आडकाठी उरली नव्हती. बाईंची दोन मुले व ब्राह्म्सची बहीण यांना घेऊन दोघे स्वित्झर्लंडला जाऊन आले आणि परतल्यावर वेगळे झाले. लग्न झाले नाही. पुढे म्हातारपणी दोघांनी एकमेकांची पत्रे परत केली व त्यांतली बरीच नष्ट केली. आपल्यासारख्या चौकस लोकांची सोय त्यांनी ठेवली नाही, हे ठीकच केले.

एका बाबतीत मात्र ब्राह्म्सला आम्ही दोष देतो. १८५८ मध्ये गॉटिंगेनच्या आगाथे फॉन झीबोल्ड या प्राध्यापककन्येशी त्याचे जमले, अंगठ्याही झाल्या. मग बेडी नको म्हणून तो मागे सरला आणि तिने संबंध तोडला. जर्मन संगीतात स्वरांना अक्षरांची नावे असतात. आपल्या दुसऱ्या षट्कवाद्य रचनेत त्याने तिच्या नावातल्या, स्वर म्हणून वाजवता येणाऱ्या अक्षरांचे सूर गुंफले. रचना सुंदर आहे, पण त्या मुलीला तिचा काय उपयोग?

पुढे क्लाराबाईंची मुलगी जूली हिच्याकडे त्याचे मन ओढले. तो काही बोललाच नाही. १८६९ मध्ये तिचे लग्न ठरल्याचे ऐकून तो अवाक् होऊन निघून गेला, आणि गटेच्या कवितेवरील एक अतिशय दुःखी गीत घेऊन परत आला. जूली १८७२ मध्येच वारली.

क्लाराबाईंशी स्नेह मात्र भांडणे होऊनही तुटला नाही. नवी रचना झाली की ती आधी त्यांच्याकडे जाई. १८६८ मध्ये त्यांच्या वाढदिवसाला त्याने आल्प्समधील गुराख्यांच्या शिंगाची एक धून पाठवली. तीच आठ वर्षांनी त्याच्या पहिल्या सिंफनीत शिंगावर वाजली. क्लाराबाई पुढे फ्रँकफुर्टच्या संगीतशाळेत शिकवू लागल्या. जर्मनीने नंतर १०० मार्कांच्या नोटेवर त्यांचा चेहरा छापला. युरो येईपर्यंत ती नोट चालली.

२० मे १८९६ रोजी फ्रँकफुर्टला क्लाराबाई गेल्या. ब्राह्म्स तेव्हा ऑस्ट्रियात इशल येथे होता. तार उशिरा पोहोचली, गाड्या चुकल्या. तो फ्रँकफुर्टला उतरला, तर अंत्यविधी बॉनला असल्याचे कळले. त्रेसष्ट वर्षांचा थकलेला माणूस पुन्हा गाडीत बसला आणि दफनाच्या वेळी कसाबसा पोहोचला. बाईंना पतीशेजारीच पुरण्यात आले.

ब्राह्म्स व्हिएन्नाला परतला. ३ एप्रिल १८९७ रोजी तोही गेला. त्याची कबर व्हिएन्नात आहे.